नदीतील गोटा आणि पिंपातील गोटा : दगड जमविण्याचा व घोटण्याचा छंद

तामिळनाडूतील कुंभकोणम हे शहर कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले आहे. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी ओसरले म्हणजे येथील पात्रात दूरवर वाळू पसरलेली दिसते. या वाळूत कोणी गोटे शोधू लागला, तर त्याच्या पदरी निराशाच येते. वाळू आणि गाळ यांखेरीज तेथे काहीच सापडत नाही. मात्र याच शहरात आणि त्याच्या परिसरात कठीण पाषाणाची भव्य मंदिरे उभी आहेत. त्यांपैकी दारासुरम येथील ऐरावतेश्वराचे बाराव्या शतकातील मंदिर जगप्रसिद्ध आहे. ज्या भूमीत मुठीएवढा दगड मिळत नाही तेथे ही मंदिरे कशी उभी राहिली, असा प्रश्न साहजिकच पडतो. मंदिरांसाठी पाषाण दूरवरून आणावा लागला, हे त्याचे उत्तर. नदीकाठी गोटे का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. ते समजून घेतले की दगड जमविण्याच्या आणि घोटण्याच्या छंदामागील सारे शास्त्र उलगडत जाते.

दगडाचा प्रवास

कावेरी कोडगूमधील तळकावेरी येथे १,३०० मीटरांहून अधिक उंचीवर उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत शिवनसमुद्र आणि होगेनकल येथे ती कड्यांवरून कोसळते. डोंगराळ भागात तिचा उतार तीव्र व प्रवाह जोरदार असल्यामुळे ती मोठमोठे धोंडेही ढकलू शकते. तिरुचिरापल्लीच्या पुढे तिचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून अवघ्या पंचवीस मीटरांच्या आसपास आहे आणि समुद्र तेथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. म्हणजे ढोबळमानाने किलोमीटरमागे अर्धा मीटर एवढाच उतार शिल्लक राहतो. इतक्या मंद उतारावर वाहणाऱ्या पाण्याला दगड पुढे नेण्याचे बळ उरत नाही. जड ते मागे राहते व हलके ते पुढे जाते. शिवाय मेट्टूर येथे १९३४ मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून वरच्या खोऱ्यातील गोट्यांची वाट कायमचीच अडली आहे.

गोटे मागे पडण्याचे दुसरे कारण म्हणजे वाटेत होणारी झीज. डोंगरातून सुटलेला दगड ओबडधोबड व टोकदार असतो. प्रवाहात तो इतर दगडांवर आदळतो, घासतो आणि त्याच्या अंगावरून वाळूही घासत जाते. या माऱ्यात कोपरे प्रथम नाहीसे होतात. सपाट बाजूवर आलेला घाव विस्तृत पृष्ठभागावर वाटला जातो, आणि कोपऱ्याला मात्र मागून आधार कमी असतो व घाव अनेक बाजूंनी बसतात. त्यामुळे कोपरा झिजतो, कडा बोथट होतात आणि हळूहळू दगड गोलसर होतो. जर्मन अभियंता स्टर्नबर्ग याने १८७५ मध्ये असे दाखवून दिले, की नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाताना गोट्यांचे वजन ठराविक अंतरागणिक ठराविक प्रमाणात घटत जाते. कुंभकोणमच्या पात्रातील वाळूचा कण हा अशा रीतीने एखाद्या मोठ्या खडकाच्या दीर्घ इतिहासाचे शेवटचे पान होय.

पाच नद्यांचे पाच दगड

नदीने घडविलेला दगड जपून ठेवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. पंचायतन पूजेत पाच देवतांची पूजा मूर्तींऐवजी पाच दगडांच्या रूपाने करण्याची रीत स्मार्त परंपरेत आहे. दक्षिणेतील प्रथेप्रमाणे शिवाचा बाण नर्मदेतून, विष्णूचा शाळिग्राम गंडकीतून, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतून आणि देवीची शिला आंध्रातील सुवर्णमुखी नदीतून आणली जाते. सूर्यासाठी लागणारा स्फटिक मात्र तंजावरजवळील वल्लम या गावाचा. ज्या कामकोटी मठाने ही प्रथा दक्षिणेत जतन केली, त्याचे वास्तव्य एकोणिसाव्या शतकात कुंभकोणम येथेच होते.

भूशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर देव्हाऱ्यातील हे पंचक म्हणजे एक सुंदर संग्रह आहे. नर्मदेचा बाण हा प्रवाहाने घोटून काढलेला कठीण, सिलिकायुक्त दगड. काळ्या शाळिग्रामात ज्या चक्राकार रेषा दिसतात, त्या पुरातन समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाच्या होत. हिमालय उंचावला तेव्हा त्या समुद्राचा तळही वर उचलला गेला आणि गंडकी आज त्याच थरांतून असे दगड वाहून आणते. वल्लमचा स्फटिक म्हणजे शुद्ध, पारदर्शक क्वार्ट्‌झ. वल्लमच्या तांबड्या, मुरमाड पठारात त्याचे खडे मिळत आणि ते घासून त्यांची चष्म्याची भिंगे केली जात. क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण असल्यामुळे अशा भिंगांवर सहजासहजी चरे पडत नसत, आणि उष्णता चटकन वाहून नेण्याच्या गुणामुळे ती स्पर्शास थंड लागत.

कठीणपणाची परीक्षा

दगड घोटण्यापूर्वी त्याचा कठीणपणा माहीत असावा लागतो. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी ठरवून दिली. तीत शंखजिरे पहिल्या पायरीवर, चुनखडीतील कॅल्साइट तिसऱ्या, फेल्स्पार सहाव्या, क्वार्ट्‌झ सातव्या, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर आहे. वरच्या पायरीवरील खनिज खालच्या पायरीवरील खनिजावर चरा पाडते, खालचे वरच्यावर पाडू शकत नाही.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला. दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावरही ती अक्षरे वाचता येतात, याचे श्रेय ग्रॅनाइटमधील क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार यांच्या कठीणपणास द्यावयास हवे.

घरी परीक्षा करण्यास साधने फार लागत नाहीत. दगडाच्या कडेने बाटलीच्या काचेवर चरा पडला, तर तो घोटण्यास बहुधा योग्य असतो. पोलादी चाकूने दगडावरच चरा पडला, तर तो मऊ समजावा. दगडावर व्हिनेगारचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर तो चुनखडीच्या जातीचा होय. ओला केलेला दगड पाणी शोषून लवकर सुकला, तर तो सच्छिद्र आहे व त्याला चकाकी येणार नाही. अकीक, जॅस्पर, गारगोटी आणि अश्मीभूत लाकूड हे घोटण्यास उत्तम दगड होत.

घरातील नदी

गोट्यांची ही घडण प्रयोगशाळेत प्रथम उभी केली ती भूशास्त्राच्या अभ्यासकांनी. फ्रेंच भूशास्त्रज्ञ दोब्रे याने एकोणिसाव्या शतकात खडकाचे टोकदार तुकडे पाण्यासह फिरत्या नळकांड्यात घातले आणि ते नदीतील गोट्यांसारखे गोल होतात असे दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हेच तत्त्व हौशी लोकांच्या घरांत शिरले. विजेच्या लहान मोटरीवर फिरणारे रबरी पिंप, त्यात दगड, पाणी आणि घासपूड, एवढीच त्याची सामग्री.

पिंप किती वेगाने फिरवावे, हा यातील कळीचा प्रश्न आहे. वेग फारच कमी असेल तर दगड तळाशी नुसते डोलत राहतात. फार वाढला तर केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ते भिंतीला चिकटून पिंपाबरोबर फिरतात व एकमेकांवर घासतच नाहीत. पिंपाच्या माथ्यावर ही प्रेरणा दगडाच्या वजनाएवढी होते तो वेग म्हणजे कमाल मर्यादा. आतील व्यास १५ सेंटिमीटर असलेल्या पिंपासाठी ही मर्यादा मिनिटास सुमारे १०९ फेरे इतकी येते, २० सेंटिमीटर व्यासास सुमारे ९५. व्यवहारात याच्या निम्मा वेग योग्य ठरतो. त्या वेगाने दगड भिंतीबरोबर थोडे वर चढतात आणि वरचा थर सतत खाली घसरत राहतो. खरे घर्षण या घसरणाऱ्या थरातच होते. पिंपातून पाऊस पडल्यासारखा संथ, अखंड आवाज आला की वेग जमला असे समजावे. ठोके ऐकू आले तर दगड आदळून त्यांना भेगा पडत आहेत.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पिंपाचा परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर असतो. मिनिटास ५५ फेरे धरले तर पिंपाची भिंत दिवसाकाठी सुमारे ३७ किलोमीटर अंतर कापते. तीन आठवड्यांत हे अंतर पावणेआठशे किलोमीटरांच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ उगमापासून समुद्रापर्यंतची कावेरी! अर्थात दगड एवढे अंतर घसरत नाही, त्याच्या वाट्याला त्यातील थोडा भागच येतो. मात्र नदीत दगड वर्षानुवर्षे एका जागी पडून राहतो व पूर आला तरच हालतो, पिंपात त्याला विश्रांती नसते. शिवाय नदीची घासपूड म्हणजे सातव्या पायरीवरील वाळू, तर पिंपात घालावयाची सिलिकॉन कार्बाइडची पूड नवव्या आणि दहाव्या पायऱ्यांच्या दरम्यानची असते. ही पूडही मुळात वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवूनच तयार होते. अमेरिकेतील ॲचेसन याने ती कृती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शोधून काढली.

घोटण्याच्या चार पायऱ्या

पिंपाचा दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भाग दगडांनी भरावा. दगड लहानमोठे मिसळलेले असावेत, कारण लहान दगड मोठ्यांमधील पोकळ्यांत शिरून पूड सर्वत्र पोचवितात. कठीणपणा मात्र सर्वांचा सारखा असावा. मऊ दगड कठीण दगडांच्या संगतीत झिजून संपतो आणि कठीण दगड तसाच राहतो. वरचा थर जेमतेम भिजेल इतके पाणी आणि, दीड किलोच्या लहान पिंपास, सुमारे चार मोठे चमचे पूड पुरते.

पहिल्या पायरीस ६० ते ९० क्रमांकाची भरड पूड वापरतात. हा क्रमांक म्हणजे पूड चाळण्याच्या चाळणीला एका इंचात असणाऱ्या छिद्रांची संख्या होय. तेव्हा क्रमांक जितका मोठा तितकी पूड बारीक. दगडाला आकार येतो तो याच पायरीवर, म्हणून तिला आठवडा अथवा त्याहून अधिक वेळ द्यावा. भेगा आणि खळगे येथे गेले नाहीत तर पुढे कधीच जात नाहीत. दुसऱ्या पायरीस २२० क्रमांकाची व तिसऱ्या पायरीस ५०० ते ६०० क्रमांकाची पूड प्रत्येकी सुमारे आठवडाभर वापरावी. चौथ्या पायरीस सीरियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखी झिलईची अत्यंत बारीक पूड लागते.

प्रत्येक पायरीनंतर दगड आणि पिंप ब्रशने घासून स्वच्छ धुतले पाहिजेत. भरड पुडीचे चार कण जरी झिलईच्या पिंपात राहिले, तरी महिन्याभराची मेहनत वाया जाते. पहिल्या दिवसांत पिंपाचे झाकण रोज एकदा उघडून पाहावे, कारण काही दगडांपासून वायू तयार होऊन आत दाब वाढतो. उरलेला राडा न्हाणीघराच्या मोरीत कधीही ओतू नये. तो नळात बसून सिमेंटासारखा घट्ट होतो. तो डब्यात निवळू द्यावा, वरचे पाणी काढून टाकावे आणि खालचा गाळ ओला असतानाच बंद करून टाकून द्यावा.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक पायरीपूर्वी व पायरीनंतर कोरड्या दगडांचे वजन करून वहीत नोंदवावे. भरड पायरीत रोज वजन घेतल्यास प्रारंभी झीज झपाट्याने होते आणि दगड गोल होत गेला तसतशी ती मंदावते, असे दिसून येईल. कोपरे आधी झिजतात, या विधानाचा असा पडताळा प्रत्येकास स्वतःच्या हाताने घेता येतो.

चकाकी म्हणजे काय?

नदीत तुकतुकीत दिसलेला गोटा घरी आणून वाळला की निस्तेज होतो, हा अनुभव सर्वांना आहे. त्याचे कारण पृष्ठभागावरील खडबडीतपणात आहे. कोरड्या गोट्याच्या अंगावर असंख्य सूक्ष्म चरे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व दगडाचा खरा रंग त्या पांढुरक्या विखुरण्यात झाकला जातो. पाणी चरे भरून काढते आणि तात्पुरता सपाट पृष्ठभाग निर्माण करते, म्हणून ओला गोटा उजळ दिसतो. घोटण्यात हेच काम कायमचे साधले जाते. ६० क्रमांकाच्या पुडीचा कण सुमारे पाव मिलिमीटराचा, तर ६०० क्रमांकाचा मिलिमीटरच्या सुमारे पासष्टाव्या भागाएवढा असतो. प्रत्येक पायरी मागील चरे पुसून अधिक बारीक चरे पाडते. शेवटी चरे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोनहजाराव्या भागाहून, लहान झाले म्हणजे प्रकाश विखुरत नाही आणि दगड कोरडा असूनही ओल्यासारखा चमकतो.

खंबायतची पिशवी आणि धुळीचा धोका

गुजरातेतील खंबायत येथे अकीकाचे मणी घडविण्याचा धंदा फार पुरातन काळापासून चालत आला आहे. रतनपूरच्या खाणींतील अकीक तापविला म्हणजे त्यातील लोहसंयुगे पालटून त्यास तांबडा रंग येतो. मण्यांना चकाकी आणण्याची एकोणिसाव्या शतकातील तेथील रीत पाहण्यासारखी होती. सुमारे दोन फूट लांबीच्या मजबूत चामडी पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकाची बारीक भुकटी घालून तिचे तोंड बांधीत. मग समोरासमोर बसलेले दोघे कामगार पट्ट्याच्या साहाय्याने ती पिशवी दहा ते पंधरा दिवस एकमेकांकडे ओढीत राहत, आणि तिच्यावर पाणी शिंपडून ती ओली ठेवीत. विजेच्या मोटरीचा शोध लागण्यापूर्वीचे हे घोटणीचे पिंपच म्हटले पाहिजे.

या धंद्याची दुसरी बाजू मात्र दुःखाची आहे. मण्यांना आकार देण्यासाठी अकीक फिरत्या चाकावर कोरडाच घासला जातो. त्या वेळी उडणारी सिलिकेची धूळ इतकी सूक्ष्म असते, की ती श्वासाबरोबर फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसते. शरीराला ती बाहेर टाकता येत नाही. तिच्याभोवती फुप्फुसाचा भाग निबर होत जातो, दम लागू लागतो आणि क्षयाचा संसर्गही सुलभ होतो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुसाची एकदा झालेली ही हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. खंबायतच्या अनेक कामगारांना आणि घरातच चालणाऱ्या चाकांमुळे त्यांच्या कुटुंबीयांनाही हा रोग जडल्याचे वैद्यकीय पाहणीत आढळून आले आहे.

तेव्हा हौशी माणसाने एक नियम कधीही मोडू नये : दगड कोरडा कापावयाचा नाही, कोरडा घासावयाचा नाही. पिंपात पाणी असल्यामुळे धूळ उडत नाही, म्हणूनच हा छंद घरात करण्याजोगा आहे. राडा सांडला तर तो वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. वाळलेला राडा झाडणे म्हणजे तीच धूळ पुन्हा हवेत उडविणे होय. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवू शकत नाही.

कोठे शोधावे, कशास हात लावू नये

कुंभकोणमच्या वाळूत दगड नसले, तरी तेथून फार दूर जावे लागत नाही. कोल्लिडम ओलांडून वायव्येस गेले की अरियलूरचा प्रदेश लागतो. क्रिटेशस काळात येथे समुद्र होता. त्यातील अमोनाइटांचे आणि शिंपल्यांचे जीवाश्म येथील थरांत विपुल आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफोर्ड आणि स्टॉलिचका यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. पेरंबलूरजवळील सातनूर येथे सुमारे १८ मीटर लांबीचा अश्मीभूत वृक्ष आडवा पडलेला आहे. १९४० मध्ये डॉ. एम. एस. कृष्णन यांनी तो प्रकाशात आणला. आज तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. अशा संरक्षित जागेतून एक कपचीही उचलू नये. हजार पाहुण्यांनी एकेक कपची नेली तर वृक्ष उरणार नाही. अन्यत्रही जमीनमालकाची परवानगी घेऊनच दगड उचलावा.

महाराष्ट्रातील हौशी माणसास तर घराबाहेर पडताच सामग्री मिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांत वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे अकीक, स्फटिक आणि झिओलाइट तयार झाले. शेतांच्या बांधावर आणि ओढ्यांच्या पात्रांत सापडणाऱ्या गारगोट्या आणि अकीक पिंपात घालण्यास योग्य आहेत. झिओलाइट आणि अपोफिलाइट यांचे स्फटिक मात्र मऊ व ठिसूळ असतात. ते आहेत तसेच कापसात ठेवावेत. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांचे उत्कृष्ट नमुने पाहावयास मिळतात. जीवाश्मही पिंपात घालू नयेत. त्यांचे मोल पृष्ठभागावरील रेषांत असते, आणि पिंप नेमक्या त्याच पुसून टाकते.

दगडाचे नाव-गाव

संग्रहातील प्रत्येक दगडाबरोबर एक चिठ्ठी असावी. तीवर तो कोणत्या गावी, कोणत्या ओढ्यात वा थरात, कोणत्या दिवशी सापडला, हे लिहावे. दगडाचे नाव चुकले तर जाणकार ते पुढे दुरुस्त करू शकतो. ठिकाण हरवले तर ते कोणासच सांगता येत नाही. वल्लमचा स्फटिक आणि दुसरीकडचा स्फटिक घोटल्यावर एकसारखेच दिसतात. तेव्हा प्रत्येक ठिकाणचा निदान एक दगड न घोटता, मूळ रूपात ठेवावा. दगड कोठून आला, कशाने फुटला आणि किती दूर वाहत गेला, हे त्याच्या खडबडीत अंगावरच लिहिलेले असते. चकाकी आणताना आपण तो लेख पुसतो, याची जाणीव ठेवून जो संग्रह करील, त्याच्या कपाटातील प्रत्येक खडा शोभेबरोबर ज्ञानाचेही साधन होईल.